अमेरिकेतल्या मायनॉरिटी बिझनेस ॲवॉर्डसाठी नॉमिनेशन कसं भरायचं, अगदी पहिल्यापासून

अमेरिकेत स्वतःची कंपनी चालवणाऱ्या मराठी माणसासमोर ॲवॉर्डचा विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं, "अहो आपण काय एवढं मोठं केलंय, स्वतःचीच टिमकी कशाला वाजवायची." मंडळाच्या गणपतीत, अधिवेशनात, कुणाकडे पॉटलकला, सगळीकडे हेच ऐकून मला खरंच वाईट वाटतं, कारण यातल्या कित्येक लोकांनी घराच्या बेसमेंटमधून सुरू करून वीस-पंचवीस माणसांना पगार देण्याइतका धंदा उभा केलाय. मोठ्या कंपनीच्या पर्चेसिंगमध्ये बसलेल्या माणसाला सगळे छोटे व्हेंडर सारखेच दिसतात, आणि त्यातल्या एकाला बाहेरच्या परीक्षकांनी आकडे तपासून निवडलंय हे कळलं तर त्या एकाचा ईमेल उघडला जातो. ॲवॉर्डचा खरा फायदा हा आहे. म्हणून हे सविस्तर लिहितोय, वेळ काढून वाचा.

आपण यात बसतो का?

हो, बहुतेक वेळा बसतो, पण थोडा इतिहास माहीत हवा. ५ मार्च १९६९ ला अध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढून कॉमर्स खात्यात मायनॉरिटी उद्योगांसाठी एक ऑफिस काढलं, १९७९ मध्ये त्याचं नाव मायनॉरिटी बिझनेस डेव्हलपमेंट एजन्सी झालं, सगळे त्याला एमबीडीए म्हणतात. पण तेव्हा भारतीय लोक या हिशोबात नव्हतेच. १९७० च्या जनगणनेत आपल्याला गोऱ्यांमध्ये धरलं होतं! त्या काळात इथे आलेल्या भारतीयांनी पाठपुरावा केला म्हणून १९८० च्या जनगणनेत 'एशियन इंडियन' असा वेगळा रकाना आला आणि १९८२ मध्ये एसबीएने, म्हणजे स्मॉल बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनने, भारतीयांना आपल्या यादीत घेतलं. आज आपण फॉर्मवर जो रकाना टिक करतो तो कुणीतरी अर्ज-विनंत्या करून मिळवलेला आहे, हे आपल्या पुढच्या पिढीला सांगितलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता साधा नियम. कंपनीची किमान ५१ टक्के मालकी मायनॉरिटी व्यक्तीची हवी, आणि नुसती मालकी नाही तर रोजचा कारभार आणि निर्णयसुद्धा त्याच व्यक्तीच्या हातात हवेत. कंपनी अशी आहे याचं सर्टिफिकेट घ्यावं लागतं, आणि खासगी क्षेत्रात सगळ्यात जास्त मानलं जाणारं सर्टिफिकेट म्हणजे नॅशनल मायनॉरिटी सप्लायर डेव्हलपमेंट कौन्सिलचं, ही संस्था १९७२ पासून आहे, एनएमएसडीसी म्हणतात, आणि तिच्या प्रादेशिक शाखा देशभर आहेत. त्यांना मालक अमेरिकन नागरिक लागतो. एच-वन किंवा नुसतं ग्रीन कार्ड असेल तर इथे अडतं. महिला उद्योजकांसाठीचं डब्ल्यूबेंक या संस्थेचं सर्टिफिकेट मात्र ग्रीन कार्डवरही मिळू शकतं, त्यामुळे ज्या मैत्रिणींचं सिटिझनशिप अजून व्हायचंय त्यांनी तिकडून सुरुवात करावी.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. धंदा नवरा चालवतो आणि कागदावर ५१ टक्के बायकोच्या नावावर, असला प्रकार अजिबात करू नका. सर्टिफिकेशनच्या वेळी साइट व्हिजिट होते, इंटरव्ह्यू होतो, प्रश्न असे असतात की बिड कोण ठरवतं, माणसं कोण घेतं-काढतं, बँकेत सही कोणाची चालते, आणि दोन प्रश्नांत कळतं कारभार कोणाचा आहे ते. सरकारी कामात तर ही फसवणूक धरली जाते आणि प्रकरण कोर्टापर्यंत जाऊ शकतं. उलट खरंच जिथे बाई धंदा चालवते, आणि अशा पुष्कळ आहेत, तिथे शेअर्स मात्र जुन्या सवयीने निम्मे-निम्मे ठेवलेले असतात, ५०-५० वर सर्टिफिकेट मिळत नाही. तिथे सीपीए, म्हणजे आपला अकाउंटंट, आणि वकिलाशी बोलून खरी परिस्थिती कागदावर आणा.

सध्याची हवा

जुने लेख वाचून जाल तर फसाल, कारण गेल्या दोन-तीन वर्षांत बरंच बदललंय. जुलै २०२३ मध्ये टेनेसीच्या फेडरल कोर्टाने एसबीएच्या 'एट-ए' प्रोग्राममध्ये, म्हणजे वंचित मालकांच्या छोट्या कंपन्यांना सरकारी कंत्राटं मिळवून देणाऱ्या योजनेत, अमुक वंशाचा म्हणजे आपोआप वंचित असं धरायला मनाई केली. मार्च २०२४ मध्ये टेक्सासच्या कोर्टाने एमबीडीएबद्दल तसाच निकाल दिला. मग १४ मार्च २०२५ ला अध्यक्ष ट्रम्प यांनी एमबीडीए कायद्याने लागेल तेवढीच ठेवा असा आदेश काढला, त्यावर पुन्हा कोर्टकचेऱ्या झाल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये वाहतूक खात्याच्या डीबीई, म्हणजे वंचित मालकांच्या कंपन्यांसाठीच्या, प्रोग्राममधूनही वंश आणि लिंगावरचं गृहीतक काढलं. गंमत म्हणजे २०२१ च्या इन्फ्रास्ट्रक्चर कायद्याने याच एमबीडीएला कायमचा दर्जा दिला होता.

याचा तुमच्यासाठी अर्थ एवढाच की फेडरल ॲवॉर्डवर सगळी भिस्त ठेवू नका, खासगी कौन्सिल, चेंबर, राज्य आणि शहर यांच्याकडे जास्त लक्ष द्या, आणि अर्ज भरायच्या आधी त्या वर्षीची नियमावली त्यांच्याच साइटवरून घ्या. बऱ्याच कंपन्यांनी कार्यक्रमांची नावंही बदलली आहेत, जुन्या नावाने शोधून सापडलं नाही म्हणजे बंद झालं असं नाही, फोन करून विचारा.

कोणते ॲवॉर्ड्स आहेत

मायनॉरिटी एंटरप्राइज डेव्हलपमेंट वीक, म्हणजे मेड वीक, १९८३ पासून सुरू आहे, रेगन यांच्या काळापासून. त्यात बांधकाम, मॅन्युफॅक्चरिंग, टेक्नॉलॉजी, एक्स्पोर्ट अशा क्षेत्रांतल्या कंपन्यांना राष्ट्रीय ॲवॉर्ड्स दिले जात आलेत, आणि त्याच जोडीला मदत करणाऱ्यांसाठी वेगळे: ॲडव्होकेट ऑफ द इयर, भांडवल मिळवून देणाऱ्यांसाठी ॲक्सेस टू कॅपिटल, आणि रॉन ब्राउन यांच्या नावाचा लीडरशिप ॲवॉर्ड. रॉन ब्राउन हे कॉमर्स खात्याचे पहिले कृष्णवर्णीय मंत्री, १९९६ मध्ये क्रोएशियात विमान अपघातात गेले. राष्ट्रीय पातळीची सध्याची अनिश्चितता वर सांगितलीच, पण अनेक शहरांत आणि प्रदेशांत स्थानिक मेड वीक होत आलेत, आपल्या भागात चौकशी करा.

एनएमएसडीसीचा सप्लायर ऑफ द इयर मला छोट्या कंपन्यांसाठी सगळ्यात न्याय्य वाटतो, कारण तिथे उलाढालीप्रमाणे गट आहेत. वर्षाला १० लाख डॉलरच्या खाली पहिला गट, १० लाख ते १ कोटी दुसरा, १ कोटी ते ५ कोटी तिसरा, त्यावर चौथा. म्हणजे तुमची सहा माणसांची कंपनी कुठल्या महाकाय आयटी कंपनीशी झुंजत नाही. आधी प्रादेशिक कौन्सिलमध्ये निवड, मग राष्ट्रीय. मिशिगनच्या कौन्सिलचा वार्षिक सोहळा प्रसिद्ध आहे, तिथे मोटार कंपन्यांचे खरेदी विभाग हजर असतात, डेट्रॉइटकडच्या आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांनी तर सोडूच नये.

यूएस पॅन एशियन अमेरिकन चेंबर ऑफ कॉमर्स, १९८४ ची संस्था, ती वेगाने वाढणाऱ्या एशियन कंपन्यांची 'फास्ट १००' यादी काढते. यात वाढीचा दर महत्त्वाचा, आकार नाही.

एसबीएचा स्मॉल बिझनेस वीक १९६३ पासून आहे आणि तो सगळ्यांसाठी खुला, मायनॉरिटी असण्याची अट नाही. वसंतात असतो आणि नॉमिनेशन त्याच्या बरंच आधी, साधारण थंडीतच, मागवतात, म्हणून दिवाळी झाली की जिल्हा ऑफिसची साइट बघायला लागा. याशिवाय काउंटी, शहर, स्थानिक बिझनेस जर्नल, युटिलिटी कंपन्या, हॉस्पिटल सिस्टिम्स. पहिला अर्ज स्थानिक ठिकाणीच करा असं मी प्रत्येकाला सांगतो, तिथे स्पर्धा कमी असते आणि परीक्षक म्हणून बसलेला माणूस उद्या तुमचा गिऱ्हाईक होऊ शकतो.

आणि खोट्यापासून सांभाळा. "अभिनंदन, तुमची निवड झाली, ट्रॉफीसाठी अमुक डॉलर भरा" असा ईमेल आला, तुम्ही अर्जच केलेला नाही, निकष कुठे लिहिलेले नाहीत, मागच्या वर्षीचे विजेते सापडत नाहीत, तर डिलीट करा. गाला डिनरचं तिकीट खऱ्या संस्थाही विकतात, त्यात काही गैर नाही, पण निवड पैशावर अवलंबून असेल तर तो ॲवॉर्ड नाही.

एक वर्ष आधी फाइल उघडा

बहुतेक अर्ज इथेच पडतात. डेडलाइनच्या आधीच्या वीकेंडला बसून कुणी चांगलं नॉमिनेशन लिहू शकत नाही. आजच क्लाउडवर एक फोल्डर करा आणि त्यात हे जमवत जा: तीन वर्षांचे टॅक्स रिटर्न्स, नफा-तोट्याचं पत्रक आणि बॅलन्स शीट, कंपनी स्थापनेचे कागद, ऑपरेटिंग ॲग्रीमेंट किंवा शेअर सर्टिफिकेट्स, नागरिकत्वाचा पुरावा, चालू सर्टिफिकेट्स आणि त्यांची मुदत संपायच्या तारखा, आणि एका पानाचं कॅपॅबिलिटी स्टेटमेंट, म्हणजे कंपनी काय करू शकते याची ओळख, ज्यात तुमचे एनएआयसीएस कोड, म्हणजे कंपनी कोणत्या उद्योगात आहे ते सांगणारे सरकारी क्रमांक, असतील. कोड नीट बघा, कस्टम प्रोग्रामिंग ५४१५११ आणि सिस्टिम डिझाइन ५४१५१२ हे दोन वेगळे आहेत, आणि चुकीच्या कोडमुळे अर्ज चुकीच्या गटात जाऊ शकतो.

एनएमएसडीसीचं सर्टिफिकेट दर वर्षी रिन्यू करावं लागतं, ते लॅप्स झालेलं असेल तर अर्ज कितीही सुंदर असो, पहिल्याच छाननीत बाहेर. कॅलेंडरवर तीन महिने आधीचं रिमाइंडर टाका.

याच फोल्डरमध्ये एक साधी नोंदवही ठेवा, महिन्यातून दहा मिनिटं. या महिन्यात कोणाला कामावर घेतलं, कोणत्या ग्राहकाचे किती पैसे वाचवले, कोणत्या दुसऱ्या मायनॉरिटी कंपनीला काम दिलं, कोणत्या शाळेत किंवा फूड बँकेत काय केलं. सहा महिन्यांनी हे आठवत नाही, आणि परीक्षक नेमकं हेच विचारतात.

आकडे कसे मांडायचे

समजा एक लॉजिस्टिक्स कंपनी आहे, २०२२ मध्ये उलाढाल ८ लाख डॉलर, २०२३ मध्ये ११ लाख, २०२४ मध्ये १४ लाख. दोन वर्षांची एकूण वाढ ७५ टक्के. पहिल्या वर्षी ३७.५ टक्के, दुसऱ्या वर्षी साधारण २७ टक्के, आणि चक्रवाढीने काढलेला वार्षिक दर साधारण ३२ टक्के. अर्जात कोणता मागितलाय ते वाचा, ७५ टक्के 'दर वर्षी' असं लिहिलंत तर परीक्षकांमध्ये एखादा अकाउंटंट असतोच आणि मग बाकीच्या अर्जावरचाही त्याचा विश्वास उडतो.

दुसरं, अर्जातला आकडा टॅक्स रिटर्नमधल्या आकड्याशी जुळला पाहिजे. पुस्तकं ॲक्रूअलवर (बिल केलं तेव्हाच उत्पन्न धरायचं) आणि टॅक्स कॅश बेसिसवर (पैसे हातात आले की धरायचं) असेल तर फरक येणारच, तो लपवू नका, एका ओळीत लिहून टाका. सीपीएला अर्ज पाठवायच्या आधी एकदा वाचायला द्या.

आणि वाईट वर्ष असेल तर? लिहा. एक मोठा ग्राहक गेला, उलाढाल घसरली, मग तुम्ही एकाच ग्राहकावरचं अवलंबन कमी करून काय केलंत, हे सांगणारा अर्ज नुसत्या चढत्या आलेखापेक्षा कितीतरी ताकदीचा असतो. अडचणींवर मात कशी केली हा प्रश्न पुष्कळ फॉर्ममध्ये असतोच आणि आपले लोक तिथे दोन ओळी लिहून मोकळे होतात.

गोष्ट लिहिताना

आपल्याकडून जी भाषा येते ती साधारण अशी: "आमची कंपनी गुणवत्ता आणि ग्राहक समाधानासाठी कटिबद्ध असून अल्पावधीत तिने उल्लेखनीय प्रगती केली आहे." यात एकही गोष्ट तपासता येत नाही, आणि शंभरातले नव्वद अर्ज असेच असतात. त्याच कंपनीबद्दल असं लिहा: "२०२२ मध्ये आमच्याकडे ६ माणसं होती, आज ११ आहेत, त्यातली ४ याच काउंटीतल्या कम्युनिटी कॉलेजमधून आली. एका हॉस्पिटल साखळीचं औषध-वाहतुकीचं काम आम्ही घेतलं तेव्हा उशिरा पोचणाऱ्या खेपा महिन्याला ४० होत्या, वर्षभरात त्या ५ वर आल्या. ड्रायव्हर नोकरी सोडून जाऊ नयेत म्हणून आम्ही आठवड्याचं वेळापत्रक दोन आठवडे आधी द्यायला लागलो." आता वाचणाऱ्याला कंपनी दिसते.

बहुतेक फॉर्ममध्ये शब्दमर्यादा असते, ५०० म्हटलं तर ४८० मध्ये संपवा. प्रश्नात तीन भाग असतील तर तीनही भागांना क्रमाने उत्तर द्या, कारण परीक्षक गुणतक्ता समोर ठेवून वाचतात, दुसऱ्या भागाचं उत्तर चौथ्या परिच्छेदात दडलेलं असेल तर त्याचे गुण जातात. गुणतक्ता जाहीर केलेला असेल तर तो आधी छापून घ्या आणि जिथे जास्त गुण तिथे जास्त शब्द खर्च करा.

समाजासाठी काय केलं हा भाग आपल्या लोकांचा खरं तर मजबूत असतो, मराठी शाळा चालवतात, मंडळाचं काम करतात, गावाकडच्या शाळेला मदत पाठवतात. पण इथल्या परीक्षकाला इथल्या समाजावर झालेला परिणाम हवा असतो. गावच्या शाळेचा उल्लेख जरूर करा, अभिमानाने करा, आणि त्याच्या आधी इथल्या हायस्कूलच्या मुलांना दिलेली इंटर्नशिप लिहा. दुसऱ्या छोट्या मायनॉरिटी कंपन्यांना सबकाँट्रॅक्ट दिलं असेल तर ते तर पहिल्या पानावर हवं, या कौन्सिलमध्ये त्याला फार मान आहे.

शेवटी एखाद्या अशा माणसाला वाचायला द्या ज्याला तुमचा धंदा अजिबात कळत नाही. त्याने "म्हणजे तुम्ही नक्की काय करता?" असं विचारलं तर पुन्हा लिहा.

शिफारसपत्रं

किमान सहा आठवडे आधी मागा. सगळ्यात मोठ्या हुद्द्याच्या माणसापेक्षा ज्याने रोज तुमच्याबरोबर काम केलंय तो निवडा, व्हाइस प्रेसिडेंटचं चार ओळींचं गोडगोड पत्र काही कामाचं नसतं. मागताना त्यांना तीन मुद्दे लिहून द्या, कोणतं काम, काय अडचण होती, काय निकाल लागला. मोठ्या कंपन्यांच्या करारात त्यांचं नाव किंवा लोगो वापरायला बंदी असू शकते, म्हणून लेखी परवानगी घ्या. नाही मिळाली तर "एक राष्ट्रीय विमा कंपनी" असं लिहिलं तरी चालतं.

ज्यांनी हात दिला त्यांचं नॉमिनेशन

हा भाग आपल्याकडून पूर्ण राहून जातो आणि मला याबद्दल फार वाटतं. आपल्यातल्या कोणाचाही धंदा एकट्याने उभा राहिलेला नाही. कुणीतरी बँकेतला लोन ऑफिसर होता ज्याने तीन ठिकाणी नकार मिळालेला अर्ज पुन्हा बसून लिहायला लावला, कुणीतरी एसबीडीसीमधली, म्हणजे छोट्या उद्योगांना सल्ला देणाऱ्या केंद्रातली, काउन्सिलर होती जिने फुकट वेळ दिला, कुणीतरी मोठ्या कंपनीतली बायर होती जिने पहिली छोटी पर्चेस ऑर्डर दिली. या लोकांसाठी ॲवॉर्ड्स आहेत! ॲडव्होकेट, बायर, कॉर्पोरेशन ऑफ द इयर, भांडवल देणारी संस्था असे प्रकार असतात, आणि सप्लायरने केलेलं नॉमिनेशन तिथे सगळ्यात वजनदार ठरतं. कॉर्पोरेट पातळीवर २००१ पासून बिलियन डॉलर राउंडटेबल आहे, वर्षाला किमान १ अब्ज डॉलरची खरेदी मायनॉरिटी, महिला अशा सप्लायर्सकडून करणाऱ्या कंपन्यांनाच तिथे जागा मिळते. पण त्या अब्जांच्या मागे अशाच बायर असतात ज्यांचं नाव कुठे छापून येत नाही.

लिहायची पद्धत तीच. "त्यांनी खूप मदत केली" असं नको. त्यांनी काय केलं, नसतं केलं तर काय झालं असतं, त्यातून किती डॉलरचं काम आणि किती नोकऱ्या आल्या, हे लिहा. शक्य असेल तर तीन-चार कंपन्यांनी मिळून एकच नॉमिनेशन करा, मंडळात असे लोक सहज सापडतात.

एक सावधगिरी मात्र घ्या. तो मदतनीस फेडरल सरकारी कर्मचारी असेल तर भेटवस्तूंचे नियम कडक आहेत, साधारणपणे एका वेळी २० डॉलर आणि एका स्रोताकडून वर्षाला ५० डॉलर एवढीच मुभा असते. म्हणून त्यांच्या गाला डिनरचं तिकीट स्वतःहून काढू नका, आयोजकांना सांगा की त्यांच्या एथिक्स ऑफिसची परवानगी घ्यावी. राज्यांचे आणि कंपन्यांचे नियम वेगळे, तिथेही आधी विचारा. आणि चालू टेंडरचा निर्णय त्याच व्यक्तीच्या हातात असेल तर निर्णय होईपर्यंत थांबा, दोघांच्याही चांगल्यासाठी.

फुकट मदत कुठे मिळते

एसबीडीसी, म्हणजे युनिव्हर्सिटी-कॉलेजांमधली स्मॉल बिझनेस डेव्हलपमेंट सेंटर्स, स्कोअरचे स्वयंसेवक मेंटर्स, आणि सरकारी कंत्राटांसाठी एपेक्स ॲक्सिलरेटर्स, ज्यांना आधी पीटॅक म्हणायचे. तिघांकडेही अर्ज वाचून देणारी अनुभवी माणसं भेटतात. एमबीडीएच्या सेंटर्सच्या जुन्या याद्या फिरत असतात, २०२५ च्या कपातीनंतर त्यातली कोणती चालू आहेत ते फोन करूनच खात्री करा. पैसे घेऊन नॉमिनेशन लिहून देणारेही आहेत, पण तुमची गोष्ट तुम्हीच लिहिलेली बरी, त्यांच्याकडून फार तर इंग्रजी तपासून घ्या.

निकालानंतर

नाही मिळालं तर आठवडाभरात आभाराचा ईमेल पाठवा आणि गुण किंवा फीडबॅक मिळेल का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी देतात. तोच अर्ज सुधारून पुढच्या वर्षी आणि शेजारच्या काउंटीतही चालतो.

मिळालं तर पहिल्या महिन्यातच कामाला लागा कारण बातमी ताजी असतानाच तिचा उपयोग होतो. कॅपॅबिलिटी स्टेटमेंटवर, वेबसाइटवर, ईमेलच्या सहीखाली टाका, फायनलिस्ट असाल तर फायनलिस्टच लिहा. ज्या खरेदी विभागांनी आजवर उत्तर दिलं नाही त्यांना चार ओळींचा नवा ईमेल पाठवा. स्थानिक पेपरला आणि मंडळाच्या अंकाला फोटोसकट बातमी द्या, ऑफिसातल्या सगळ्या लोकांना फोटोत घ्या. सोहळ्याला जाताना टेबलवर कोण बसणार ते आधी विचारून घ्या आणि एखाद्या बायरला पुढच्या आठवड्यात भेटायची वेळ तिथेच मागा. रोख बक्षीस असेल तर ते करपात्र उत्पन्न आहे, मिळालेल्या रकमेची नोंद असलेला १०९९ हा टॅक्सचा फॉर्म येऊ शकतो, त्यातला कराचा हिस्सा लगेच बाजूला काढून ठेवा आणि सीपीएला त्याच महिन्यात कळवा.